शिक्षणसुधारणेचे वेळापत्रक आधी दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पारख' राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे आल्यापासून शिक्षणाच्या दर्जावर बरेच लिहिले गेले. 4 डिसेंबर 2024 रोजी देशभरात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची ही चाचणी झाली. तिसरीतल्या 55 टक्के मुलांनाच 99 पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या आणि सहावीतल्या 53 टक्के मुलांनाच दहापर्यंतचे पाढे येतात, असे त्यातून दिसले. त्यावर कोणी शिक्षकांना धारेवर धरले, कोणी अभ्यासक्रमाला. आमचे म्हणणे जरा रूक्ष आहे. दिल्लीत ठरलेले धोरण मुरबाडच्या पाड्यावरच्या वर्गापर्यंत ज्या तारखांनी येते, त्या तारखाच चुकलेल्या आहेत. पटाची मोजणी, पदांची मंजुरी, निधी, प्रशिक्षण आणि पुस्तक यांचा क्रम सरळ केल्याशिवाय कोणतीही सुधारणा, कितीही चांगली असली, तरी वर्गात उतरणार नाही.

2025 चे उदाहरण ताजे आहे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा शासन निर्णय 16 एप्रिलचा, त्यात फेरफार करणारा 17 जूनचा आणि दोन्ही रद्द करण्याचा निर्णय 29 जूनचा. विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा 16 जूनला उघडल्या होत्या. म्हणजे पहिलीच्या वर्गात काय शिकवायचे, याचा आदेश शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला आणि बारा दिवसांत मागे घेतला गेला. हिंदी असावी की नसावी, हा वाद इथे उकरून काढायचा नाही. त्या दोन आठवड्यांत मुख्याध्यापकांनी वेळापत्रक कोणत्या आधारावर लावायचे होते, एवढाच प्रश्न आहे.

त्याच 16 एप्रिलच्या निर्णयात नव्या अभ्यासक्रमाचे टप्पे होते: 2025-26 मध्ये पहिली, 2026-27 मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, त्याच्या पुढच्या वर्षी पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि शेवटी आठवी, दहावी, बारावी. कागदावर चार वर्षांत सगळे आटोपते. पण 2025-26 मध्ये जुन्या पुस्तकाने दुसरी शिकलेले मूल जून 2026 मध्ये एकदम नव्या तिसरीत बसणार. नव्या पहिली-दुसरीत जे पक्के होणार असे तिसरीच्या पुस्तकाने गृहीत धरले, ते या मुलाने पाहिलेलेच नसणार. चौथी आणि सहावीचेही तेच. अशा प्रत्येक इयत्तेला पहिल्या वर्षी निदान महिनाभराचा सेतू अभ्यास लागतो. तो आधी ठरवून, छापून, शिक्षकांच्या हाती द्यावा लागतो. एका वर्षात चार इयत्ता घेतल्या की तीन सेतू, चार पुस्तके आणि चार प्रशिक्षणे एकाच वेळी आली. दोन शिक्षकी शाळेत हे सगळे दोनच माणसांवर पडते, हे टप्पे आखताना कोणाच्या ध्यानात आले होते का?

नियोजन जूनपासून उलटे मोजत करावे लागते. पुस्तक मेअखेर गट साधन केंद्रात हवे असेल तर छपाई फेब्रुवारीत सुरू व्हावी आणि मूळ मराठी मसुदा दिवाळीपूर्वी पक्का व्हावा, कारण त्यानंतर उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड माध्यमांची भाषांतरे आणि त्यांची तपासणी असते. भाषांतर साखळीच्या टोकाला असल्याने मागे उशीर झाला की पहिला फटका मुंब्रा-भिवंडीच्या उर्दू वर्गांना बसतो. प्रशिक्षणासाठी नवा खर्चही नको. दर महिन्याला केंद्रस्तरीय (केंद्र म्हणजे आसपासच्या काही शाळांचा गट) शिक्षण परिषद भरतेच. तिचा निम्मा वेळ परिपत्रके वाचून दाखवण्यात जातो. जानेवारी ते एप्रिलच्या चार परिषदा नव्या पुस्तकाच्या चार घटकांना दिल्या, शिक्षकांनी तोच घटक आपल्या वर्गात घेऊन पुढच्या परिषदेत काय अडले ते सांगितले, तर साखळी प्रशिक्षणापेक्षा जास्त पदरात पडेल. साखळी प्रशिक्षणात राज्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका असे उतरताना दिवस कमी होत जातात, शेवटी सादरीकरणाच्या चित्रफिती तेवढ्या उरतात.

आता पटाकडे वळतो, कारण बाकी सगळा हिशेब पटावर उभा आहे. यू-डायस प्लस, म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद, तिची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शाळेत किती शिक्षक मंजूर, हे ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. आता 62 मुलांची शाळा घ्या. दोन मुलांचे आधार वैध ठरले नाही तर हिशेबात 60 मुले येतात आणि एक पद जाते. वर्गात मुले 62 च असतात. शिक्षक मात्र 'अतिरिक्त' ठरतो आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायच्यांच्या, यादीत जातो.

आधार वैध का होत नाही? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव एका तऱ्हेने आणि कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. जन्मतारीख कोणीतरी 1 जानेवारी टाकून दिलेली असते. पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायचे राहून गेलेले असतात. दुरुस्तीसाठी आधार केंद्र तालुक्याच्या गावी, तिथे आईबापांपैकी एकाला जावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते आणि एका खेपेत काम होईलच याची खात्री नसते. नक्कल पट पकडण्यासाठी आधार जोडले, हे ठीकच. बोगस पटाचे प्रकार झालेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या मुलाची सलग तीन महिने हजेरी आहे, ज्याच्या उपस्थितीवर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य अशा तिघांची सही आहे, ते मूल संचमान्यतेत धरावे. खोटी सही आढळली तर कारवाई करा. संशय आला म्हणून खरे मूल वगळू नका.

दुसरी अडचण तारखेचीच. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे जायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती परततात पावसाच्या तोंडावर. 30 सप्टेंबरला ही मुले पटावर असतात, म्हणून मूळ गावाची शाळा कागदावर भरलेली दिसते. जानेवारीत वर्गात जाऊन पाहिले तर निम्म्या जागा रिकाम्या. ज्या गावाच्या शिवारात भट्टी लागली आहे तिथल्या शाळेत मात्र ही मुले कोणत्याच पटावर नसतात, त्यांच्यासाठी शिक्षक नाही, पोषण आहाराचा तांदूळही नाही. 'पारख'ची चाचणी 4 डिसेंबरला झाली, ऐन स्थलांतराच्या हंगामात. त्या आकड्यांत भट्टीवरची मुले कितपत आली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

उपाय अवघड नाही. 31 जानेवारीला दुसरी मोजणी घ्यावी आणि ती मूल जिथे आहे तिथे व्हावी. पदे दोन्ही मोजण्यांची सरासरी काढून ठरवू नयेत. सरासरीत दोन्हीकडचे नुकसान होते. मूळ शाळेची पदे सप्टेंबरच्या पटावर कायम ठेवावीत आणि भट्टीच्या हंगामापुरते, नोव्हेंबर ते मे, भट्टीकडच्या शाळांच्या केंद्राला एक फिरते पद द्यावे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायला द्यायच्या शिक्षण हमी कार्डाची पद्धत राज्यात आहेच, पण कार्डावर नाव, इयत्ता आणि शाळेचा शिक्का यापलीकडे काही उपयोगाचे नसले तर नवा शिक्षक त्या मुलाला कुठून सुरू करणार? कार्डामागे तीन ओळी पुरतात: वाचनात मूल अक्षर, शब्द, वाक्य यांपैकी कुठे आहे, हातच्याची बेरीज येते का, पुस्तकाचा कोणता पाठ झाला. कार्ड निघण्याच्या दिवशी आईबापांच्या हाती द्यावे. टपालाने पाठवलेले कार्ड मुलाआधी पोहोचत नाही.

शहराकडे प्रश्न उलटा आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा 1,10,60,148 लोकसंख्येचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. तरी जागा, वर्गखोल्या, बालकांची संख्या यांचे अंदाज त्याच जुन्या मोजणीवरून पुढे ओढले गेले. दरम्यान घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, दिवा परिसर भरला, घणसोली-दिघ्याची वस्ती कुठल्या कुठे गेली. महापालिकांच्या जुन्या शाळा होत्या तिथेच राहिल्या. पुढच्या पाच वर्षांत पहिलीला किती मुले येणार हे काढण्यासाठी जन्मनोंदणीचे आकडे घेण्याचा मोह होतो, पण त्यात मोठी गोम आहे. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. ठाण्यातल्या रुग्णालयात बाळंत होणाऱ्या कितीतरी माता शहापूर-वाड्याकडून आलेल्या असतात. त्यामुळे ठाण्याचा आकडा फुगतो, तालुक्याचा घटतो. त्यापेक्षा अंगणवाडीचे घरोघर सर्वेक्षण आणि लसीकरणाची यादी राहत्या पत्त्यावर असते. दोन्ही प्रभागनिहाय एकत्र ठेवल्या तर तीन ते सहा वयाची मुले बऱ्यापैकी नेमकी हाती येतात. आणि ही यादी विकास आराखड्यातल्या शाळेच्या आरक्षणांशी ताडून पाहावी. नगररचना विभाग भूखंड राखतो, शिक्षण विभाग पट मोजतो, दोघे एका टेबलावर बसत नाहीत. नवी मुंबईत नोडचे नियोजन सिडकोने केल्याने निदान भूखंड ठरलेले तरी होते. ठाण्यात तेही नशिबाचे.

एकाच इमारतीत भरणाऱ्या शाळांचाही उल्लेख करायला हवा. महापालिकेच्या एका इमारतीत सकाळी मराठी, दुपारी उर्दू, वरच्या मजल्यावर हिंदी असे चालते. प्रत्येकीचा यू-डायस क्रमांक वेगळा, मुख्याध्यापक वेगळा, अनुदान वेगळे. पाण्याची टाकी, विजेचे मीटर आणि स्वच्छतागृह मात्र एक. तीन आराखड्यांत तीन वेळा तेच स्वच्छतागृह मागितले जाते, किंवा शेजारचा मागेल म्हणून कोणीच मागत नाही. दुरुस्तीचे काम शेवटी बांधकाम विभागाकडे, शिक्षण विभागाला फक्त पत्र लिहिता येते. इमारतीला एक आराखडा, त्यावर तिन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या, एवढा बदल महापालिका स्वतःच्या अधिकारात करू शकते. त्यासाठी दिल्ली-मुंबईची वाट पाहायला नको.

आराखड्याचे कलम कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा. तो तीन वर्षांचा, त्यात दरवर्षीचा उपआराखडा, इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, खोल्या-साहित्य आणि जादा निधी. समितीत 75 टक्के पालक. कल्पना इतकी चांगली आहे की राष्ट्रीय नियोजन खरोखर याच कागदापासून वर चढायला हवे. प्रत्यक्षात मागच्या वर्षीच्या आराखड्याची झेरॉक्स काढून तारीख बदलली जाते. मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे, पण तीन-चार वर्षे मागणी करूनही वरून होकार नाही, नकार नाही, पोचही नाही, तर दुसरे काय होणार? समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेची वार्षिक कार्ययोजना जिल्ह्यावर ठरावीक निकषांच्या तक्त्यांत भरली जाते, केंद्र सरकारच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जाते आणि केंद्र-राज्य 60:40 च्या प्रमाणात पैसे मंजूर होतात. त्या तक्त्यांत शाळेचा कागद कुठेच शिरत नाही.

म्हणून आमची सर्वांत महत्त्वाची मागणी साधी आहे: प्रत्येक आराखड्याला लेखी उत्तर. शाळेने 15 डिसेंबरपर्यंत द्यावा, केंद्रप्रमुखाने महिनाअखेर तपासावा, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी जानेवारीत प्रत्येक मागणीपुढे मंजूर, नामंजूर किंवा पुढील वर्षी यांपैकी एक लिहून कारणाची एक ओळ द्यावी, आणि ते पान शाळेच्या फलकावर लागावे. नामंजूर लिहिले तरी चालेल. उत्तर येते हे कळले की पुढच्या वर्षी आराखडा खरा लिहिला जाईल.

पैशाचे थोडक्यात. संयुक्त शाळा अनुदान 30 पटापर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, त्यापुढे 1,000 पर्यंत 75,000. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. 28 मुलांच्या शाळेत 10,000 रुपयांतून वीजबिल, इंटरनेट, रजिस्टरे, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि फिनेल बसवायचे. रक्कम तुटपुंजी आहेच, पण त्याहून त्रास होतो तो ती केव्हा येते याचा. शाळेच्या शून्य शिल्लक खात्यात पैसे जमा होत नाहीत, वरून ठरलेल्या मर्यादेपर्यंतच खर्च करता येतो; ही मर्यादा वर्षाच्या उत्तरार्धात उघडते आणि मार्चअखेर न खर्चलेली परत जाते. मग गळके छप्पर जूनमध्ये दुरुस्त व्हायचे ते होत नाही आणि मार्चमध्ये घाईघाईने वस्तू घेतल्या जातात. निम्मी मर्यादा 15 जुलैपूर्वी खुली करावी आणि उरलेली रक्कम पुढच्या 30 जूनपर्यंत वापरू द्यावी. वरून एकगठ्ठा खरेदी हा यावरचा इलाज नव्हे. 2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आले, बचतगटांकडे शिलाई गेली, मापे जुळली नाहीत, पंधरा ऑगस्टलाही कित्येक शाळांत गणवेश नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ती जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. दोन गणवेशांचे 600 रुपये गावातल्या शिंप्याकडे गेले तर लांडी झालेली बाही निदान त्याच आठवड्यात नीट होते.

छोट्या शाळा एकत्र करण्याचा विषय अधूनमधून वर येतो. शाळा संकुलाची, म्हणजे जवळच्या शाळांनी मिळून साधने वापरण्याची, कल्पना नवी नाही. 1964-66 च्या कोठारी आयोगाने ती मांडली, आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ती पाच ते दहा किलोमीटरच्या परिघासह पुन्हा आली. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कला-क्रीडा शिक्षक वाटून घेण्यापुरती ती उत्तम आहे. शाळा बंद करण्याची सबब म्हणून मात्र नको. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. शहापूरच्या कित्येक पाड्यांवर तो एक किलोमीटर ओहोळ ओलांडून जातो, जुलैत त्यातून सहा वर्षांचे मूल पाठवता येत नाही. वाहतूक भत्ता द्या म्हणतात. तो समग्र शिक्षात मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत. सहावी ते आठवीच्या 220 दिवसांनी भागला तर दिवसाला साधारण 27 रुपये, जाऊन-येऊन. बारा मुलांच्या पाड्याला दिवसाचे सव्वातीनशे. तेवढ्यात डोंगराच्या रस्त्यावर जीप रोज दोनदा लावायला चालक तयार होईलही, पण पैसे वर्षाच्या शेवटी आले तर तो गणपतीपर्यंत येणे थांबवणार. वाहतुकीचे पैसे सत्र सुरू होण्यापूर्वी आगाऊ जमा झाल्याशिवाय एकही शाळा हलवू नये.

राहता राहिला शिक्षकांचा वेळ. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला 800 अध्यापन तास आणि सहावी ते आठवीला 1,000. आपण मोजतो ते दिवस, तास कोणीच मोजत नाही. कलम 27 ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करताना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद केला आहे, त्या अपवादाचा अर्थ दरवर्षी रुंदावतो. केंद्राच्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल वाचते-मोजते व्हावे, ते 2026-27 चे. जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाप्रमाणे निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे, म्हणजे तीही मुदत ऑगस्ट 2027 पर्यंतच. तिन्ही गोष्टी एकाच शिक्षकावर, एकाच वर्षात. दोन शिक्षकी शाळांतल्या पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना प्रगणकाच्या यादीतून वगळणे हा जिल्हा प्रशासनाच्या हातातला निर्णय आहे. नगरपालिका, महसूल, माध्यमिक शाळा असे इतर कर्मचारी उपलब्ध आहेत.

हे सगळे एकदम राज्यभर करा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केले की त्याचेही परिपत्रकच होईल. ठाणे जिल्ह्यात पाच तालुक्यांची जिल्हा परिषद, सहा महापालिका, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिका, आदिवासी विकासच्या आश्रमशाळा, शिवाय अंगणवाड्या महिला व बालविकासकडे. भट्टीवरून कळव्याच्या झोपडपट्टीत आलेले मूल यांपैकी तीन यंत्रणांच्या हद्दी ओलांडते आणि तिन्हींच्या यादीतून गळते. या सर्वांना एकत्र बसवू शकेल अशी एकच जागा घटनेने दिली आहे, ती जिल्हा नियोजन समिती. तिने एक शहापूर तालुका आणि नवी मुंबईतला तुर्भे-दिघ्याकडचा एक विभाग निवडावा. तिथे दोन मोजण्या, आराखड्याला लेखी उत्तर आणि जुलैपूर्वी निधी एवढ्या तीनच गोष्टी दोन शैक्षणिक वर्षे चालवाव्यात. रहाटोलीच्या डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) दर जानेवारीत त्या शाळांतल्या तिसरीच्या प्रत्येक मुलाचे वाचन तपासावे, आणि निकाल शाळानिहाय न छापता केंद्रनिहाय छापावेत, नाहीतर शाळा निकाल सजवायला लागतील. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपले,
निवृत्त मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व शिक्षण विस्तार अधिकारी
ठाणे (पश्चिम)